परवा : खंड सतरावा

आपल्या भाषेत परवा म्हणजे होऊन गेलेला दिवस,
आणि यायचा आहे तोही.
एवढ्यावरच क्षेमकल्याणी सरांनी मालिकेचं नाव ठेवलं
आणि बत्तीस वर्षं, दर संक्रांतीला, एक खंड काढला.
निवडक विज्ञानकथा. किंमत बारा रुपये.

सतरावा मी जुळवला.
भद्रकालीत, भाजीबाजारामागच्या बोळात,
जिथे दुपारी कोथिंबिरीचा आणि रॉकेलचा वास
एकमेकांत मिसळायचा.
मी त्या कथा शिशात वाचल्या,
आरशातल्यासारख्या, डोकं खाली पाय वर.
यान कुठे निघालंय
हे आधी बोटांना कळायचं, मग मला.

नवव्या फर्म्यात ग्र संपला.
संपणारच. अकरा कथा,
आणि प्रत्येकीत कुणीतरी कुठल्यातरी ग्रहावर निघालेलं.
आमचा छापखाना पत्रिकांचा, पावत्यांचा;
आमच्याकडे ग्र असून असून किती असणार?
ग्रहमखापुरता. ग्रामपंचायतीपुरता.
पुण्याच्या फाउंड्रीला कार्ड टाकलं.

पान अठ्ठ्याऐंशी. ओझरच्या दिगंबर खैरनारांची कथा.
दिवसा ते विमानाच्या पंखाला रिव्हेट मारत,
रात्री त्याच हाताने लिहीत,
दर कागदावर ग्रीसचा अंगठा.
गंगापूर धरणापलीकडून एक यान सुटतं,
त्यात एकटा माणूस, सातशे वर्षं झोपलेला,
आणि शेवटच्या ओळीत:
दार उघडलं. तो त्या अनोळखी ग्रहावर उतरला.

रात्रीचे साडेअकरा. ग्र नव्हता.
गृ होता, खणभर.
सिडकोत तेव्हा गृहप्रवेशाच्या पत्रिका
रोज दोन-दोन निघत.
मी गृ उचलला.
झोपेत उचलला, असं सांगितलं.
अजून तसंच सांगतो.

सर ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.
मग तळहाताएवढं शुद्धिपत्र:
पृष्ठ ८८, शेवटची ओळ. ‘गृहावर’ ऐवजी ‘ग्रहावर’ वाचावे.
त्यासाठी एक ग्र मिळाला, आधीच्याच एका फर्म्यातून सोडवून.
म्हणजे शोधला असता तर
त्या रात्रीही मिळाला असता.
सहाशे चिठ्ठ्या, मैद्याची खळ,
मी आणि बायंडिंगवाली शेवंता.

खैरनार सायकलवर आले. आपली प्रत उघडली,
चिठ्ठी वाचली, ओली होती तोवर नखाने सोलली,
बसच्या तिकिटासारखी घडी करून खिशात ठेवली.
मला काहीच बोलले नाहीत.
कपभर चहा घेतला, अर्धा बशीत तसाच.

यान सुटायचं ते साल
परवाच येऊन गेलं.
त्या तारखेला मी धरणावर जाऊन बसलो होतो, उगाच.
बदकं होती. एक माणूस दुर्बिणीतून
ती मोजत होता आणि वहीत लिहीत होता.

आणि मागच्या महिन्यात शालिमारच्या फुटपाथवर
सतरावा दिसला, पाठ निखळलेली,
शिवणकामाच्या पुस्तकांखाली.
अठ्ठ्याऐंशीवर खळीचा पिवळा चौकोन. चिठ्ठी नाही.
समासात पेन्सिलीने, कुणा तिसऱ्याच्याच अक्षरात:
असू दे.
तीस रुपये म्हणाला. मी घासाघीस केली नाही.

पुण्याहून पार्सल आलं ते सगळे खंड वाटून झाल्यावर.
अडीच किलो ग्र, सुतळीत बांधलेले.
छापखाना मोडला तेव्हा शिसं किलोवर गेलं,
ते पुडकं मात्र मी मागून घेतलं.
अजून सोडलेलं नाही.
पाथर्डी फाट्याला आमच्या दोन खोल्यांत
वारा फार येतो, दार आपटतं.
त्याला ते लावून ठेवलंय.
दार उघडं राहतं.